विसरलेल्याचे स्मरण

चेन्नईच्या दक्षिणेस शोळिंगनल्लूर येथे संगणक-कंपन्यांतील नोकरीनिमित्त अनेक मराठी कुटुंबे राहतात. मुलांपाठोपाठ वृद्ध आईवडीलही तेथे येतात. त्यांपैकी एखाद्याला स्मृतिभ्रंश जडला, की प्रथम सुटते ते भजन. सासरे तोच प्रश्न दहा वेळा विचारतात, आरती चालू असता उठून जाऊ लागतात, लोक वळून पाहतात. मग ते घरी राहतात आणि त्यांची सेवा करणारी सूनही घरीच राहते. देशात साठीपुढील शंभरांत सुमारे ७ जणांना हा विकार असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. तेव्हा हा प्रश्न एका घराचा नव्हे.

अशा वेळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवून कोणी म्हणतो, हे त्यांच्याच क्रोधाचे फळ. हा अर्थ अशास्त्रीय आहे आणि क्रूरही. तेथील स्मृती म्हणजे शास्त्र व आचार्य यांच्या उपदेशाच्या संस्कारांतून उपजणारे स्मरण, असे भाष्यकार श्रीशंकराचार्य स्पष्ट करतात. मेंदूचा रोग हा क्षेत्राचा विकार. क्षेत्रज्ञाला त्याचा स्पर्श नाही.

घरच्यांची खरी भीती वेगळीच असते, व ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. अंतकाळी जे स्मरण तीच गती, असे आठवा अध्याय सांगतो. मग ज्याला स्वतःचे नावही आठवत नाही, त्याचे काय? याचे उत्तर तमिळ देशीच्या श्रीवैष्णवांनी प्राणापलीकडे जपले आहे. शोळिंगनल्लूरहून दक्षिणेस समुद्रकाठी तिरुविडंदै हे वराहमूर्तीचे क्षेत्र आहे. वराहचरमश्लोकात भगवान वराह भूदेवीला अभय देतात की, देह व मन धड असता ज्याने माझे चिंतन केले, तो पुढे काष्ठपाषाणासारखा पडला तरी त्याचे स्मरण मी ठेवतो व त्याला परमगतीस नेतो. वेदान्तदेशिकांनी या श्लोकावर स्वतंत्र ग्रंथ रचला आहे. स्मरणाचा भार येथे भक्ताच्या माथ्यावरून उतरला, तो स्वतः भगवंताने घेतला. आणि भजनी मंडळाने मात्र त्याच भक्ताला दाराबाहेर ठेवावे काय?

करावयाचे थोडेच आहे. तमिळ भजनसंप्रदायातही तुकोबांचे अभंग गाइले जातात, म्हणून तेथील मेळा मराठी वृद्धाला परका वाटत नाही. नावे पुसली गेली तरी बालपणीची चाल पुष्कळ रुग्णांत दीर्घकाळ टिकते. म्हणून दर खेपेस तीच जुनी पदे, तीच वेळ, तीच जागा ठेवावी. ध्वनिक्षेपक मंद असावा. बैठक दाराजवळ द्यावी, म्हणजे उठून जाण्याचा संकोच नाही. 'मला ओळखलंत का?' ही परीक्षा कोणी घेऊ नये. स्वतःचे नाव सांगून नमस्कार करावा. मध्येच त्यांनी भलतेच कडवे धरले, तर झांजकऱ्याने तेच उचलावे. देव काही ताल मोजीत बसलेला नाही.

राहिली सून. 'बाबा कसे आहेत?' हे तिला सगळेच विचारतात. 'आरती होईपर्यंत मी बसते त्यांच्यापाशी, तू पुढे जाऊन दर्शन घे,' असे म्हणणारी एक बाई मंडळात निघाली, तर कित्येक महिन्यांनी ती दोन्ही हात मोकळे ठेवून देवासमोर उभी राहील.