शनिवारचें मडकें

वचन : निर्गम १६ : २२–३०, अनुवाद ५ : १२–१५



रानांत इस्राएल लोकांस मान्ना मिळत असे, तेव्हां सहाव्या दिवशीं दुप्पट गोळा करून रांधण्याचें काम आदल्या दिवशींच उरकावें, असें मोशेनें त्यांस सांगितलें. ह्या वचनावर मीं पुष्कळदां उपदेश केला आहे. परंतु त्यांत चुलीचीहि गोष्ट आहे हें माझ्या लक्षांत फार उशिरा आलें, आणि तेंहि लाज वाटून.

कांहीं वर्षांपूर्वीं एका रविवारीं आमच्या मंडळींत बाहेरगांवचे पाहुणे आले होते. मी शब्बाथाच्या विसाव्याविषयीं पाऊण तास बोललों. माझी पत्नी शेवटच्या गीताच्या वेळीं आली. डोळे धुरानें लाल, हातास पीठ. ती पहांटेपासून पाहुण्यांसाठीं भाकरी थापीत होती. उपासना सुटल्यावर एक वृद्ध बाई दारांत मला म्हणाली, "पाळकसाहेब, ह्यो इसावा बायांसाठीं न्हाई का?" मला उत्तर सुचलें नाहीं. उपदेशक बंधूंनो, तुमच्या गांवीं कसें आहे तें तुम्हीच पाहा. पहिली घंटा होते तेव्हां पुरुष सतरंजीवर बसलेले असतात. बायका कोठें असतात?

आतां मी तुम्हांस एका दूरच्या शहराकडे नेतों. पण तें आपणांस अगदींच परकें नाहीं. १८१३ सालीं मुंबईस आलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी होते, त्याचें मुख्य ठाणें बोस्टन येथें होतें. ह्या बोस्टनांत इंग्लंडांतून १६३० सालीं येऊन वसलेले प्युरिटन लोक, शनिवारीं सूर्य मावळला कीं शब्बाथ सुरू झाला असें मानीत, व तेव्हांपासून कामधाम थांबवीत. मग खावें काय? तेथील गृहिणींनीं पुढें जें उत्तर काढलें तें म्हणजे घेवड्याचें मडकें.

तें असें करितात. शुक्रवारीं रात्रीं पांढरा घेवडा भिजत घालावयाचा. शनिवारीं सकाळीं तें पाणी टाकून नव्या पाण्यांत तो उकळावयाचा; पळींत दोन-चार दाणे घेऊन फुंकर घातली असतां साल फुटली म्हणजे पुरे. मग पोट मोठें व तोंड अरुंद अशा मातीच्या मडक्यांत दाणे भरून, डुकराच्या खारविलेल्या मांसाच्या तुकड्यास चिरा पाडून तो त्यांत रोवावयाचा. मीठ, मोहरीची पूड आणि आपल्या काकवीसारखी पण अधिक दाट व काळी अशी उसाची मळी घालावयाची, दाणे बुडतील इतकें ऊन पाणी ओतावयाचें, आणि झांकण लावून मडकें विटांच्या भट्टींत मंद आंचेवर सहा ते आठ तास ठेवावयाचें. पाणी आटेल तसें घालीत जावें; शेवटच्या तासास झांकण काढलें म्हणजे मांस तांबूस होतें. मात्र दाणे मऊ होण्याअगोदर मळी घालूं नये. ती आधीं पडली तर दाणा दिवसभर शिजवूनहि कडक राहतो. संध्याकाळीं हें तपकिरी पावाबरोबर खात, आणि उरलेलें भट्टीच्या उबेंत रविवारसाठीं राही.

ह्या मडक्याची स्तुति करितांना एक गोष्ट लपविणें बरें नव्हे. ती मळी बार्बाडोस, जमैका अशा वेस्ट इंडीज बेटांवरून येई, आणि तेथील ऊस आफ्रिकेंतून धरून नेलेले गुलाम तोडीत. इंग्रजांच्या त्या बेटांवरील गुलामगिरी कायद्यानें उठली ती १८३४ सालीं. शब्बाथाची आज्ञा अनुवादांत पुन्हां सांगितली आहे, तेथें दास व दासी ह्यांच्या विसाव्याचा स्पष्ट उल्लेख आहे. बोस्टनच्या भक्तिमान लोकांनीं हें वाचलें नव्हतें असें नाहीं. त्यांस दोष देण्याची घाई मी करीत नाहीं. ते गुलाम समुद्रापलीकडे होते. आपली रांधणारी तर भिंतीपलीकडे आहे.

तेव्हां आम्हीं घरीं हें मडकें करून पाहिलें. भट्टी नको, चुलीचा वैल व निखारे पुरतात. कोरेगांवकडचा वाघ्या घेवडा ह्याच जातीचा. अर्धा किलो घेवड्यास पाव किलो बोकडाचें हाडासकट मांस, एक कांदा, मीठ, थोडी मोहरीची पूड आणि शेवटीं गुळाचा खडा. कच्च्या घेवड्यांत विषारी अंश असतो, तो नुसत्या मंद आंचेनें जात नाहीं. म्हणून दाणे प्रथम दहा मिनिटें तरी खळखळून उकळलेच पाहिजेत. जे मांस खात नाहींत त्यांनीं तें वगळावें. रोमकरांस पत्राचा चवदावा अध्याय वाचणाऱ्या मंडळींत ताटावरून भांडण नसावें.

रात्रभर मडकें हात लावतां येणार नाहीं इतकें ऊन राहिलें पाहिजे. तशी आंच राखतां येत नसेल, तर मांस शनिवारींच संपवावें आणि रविवारसाठीं भाकरी व चटणी ठेवावी. शब्बाथासाठीं ठेवलेला मान्ना किडला नाहीं. आपल्या मटणास तसें अभिवचन नाहीं!

रविवारीं चूल पेटविली तर पाप, असा नियम मी घालीत नाहीं. शब्बाथ मनुष्यासाठीं आहे हें प्रभूनें शिकविलें आहे. परंतु रविवारचें काम शनिवारीं त्याच बाईच्या डोक्यावर ढकललें तर तिला विसावा कसला? म्हणून आमच्या घरीं दाणे निवडणें, भिजविणें व मडक्यावर लक्ष ठेवणें माझ्याकडे आलें; लांकडें व पाणी मुलाकडे. कित्येक बंधूंस ह्याचें हंसूं येईल. येऊं द्या.

पहिल्या खेपेस मी उपदेशाची तयारी करीत बसलों, पाणी आटलें आणि तळ करपला. पत्नी कांहीं बोलली नाहीं. वरचे दाणे हलकेच काढून तिनें सर्वांस वाढले. दुसऱ्या खेपेस मीं पुस्तक चुलीजवळच नेलें. त्या रविवारीं पहिली घंटा झाली, तेव्हां ती त्या वृद्ध बाईशेजारीं पुढच्या सतरंजीवर बसली होती, आणि घरीं मडकें निखाऱ्यांवर राखेंत रोवलेलें होतें.