लटकं दिवाळं

"बाप असावा तर असा," मामा म्हणाले. "एका रात्रीत पोरांना रस्त्यावर आणलं आणि सरळ केलं."

लॅपटॉपवर श्रेयनामावली सरकत होती. चित्रपट होता 2013 चा मेक्सिकन 'नोसोत्रोस लोस नोब्लेस'. हेर्मान नोब्ले हा गडगंज विधुर. हावी, बार्बी आणि चार्ली ही त्याची तीन मुलं नुसती उधळपट्टी करतात, म्हणून तो धंदा बुडाला, जप्ती आली असं नाटक रचतो आणि त्यांना आजोबांच्या पडक्या घरात नेऊन ठेवतो. तिथं हावी मिनीबस चालवतो, बार्बी वेट्रेसचं काम करते, चार्ली बँकेत चिकटतो. बार्बीचं घरच्या दाईच्या गोतावळ्यातल्या लुचोशी आधी भांडण होतं, मग प्रेम. मेक्सिकोत या चित्रपटानं देशी चित्रपटांच्या कमाईचा विक्रम केला होता.

मामांची दोन्ही मुलं अकराच्या आत घरच्या फौंड्रीत दिसत नाहीत हे निम्म्या उद्यमनगराला ठाऊक आहे. त्यामुळं मामांचं मत चित्रपटापुरतं नव्हतं, हे मी ओळखलं.

"ही गोष्ट जुनी आहे, मामा. लुईस बुन्युएलनं 1949 मध्येच 'एल ग्रान कालावेरा' केला होता. कालावेरा म्हणजे खरं तर कवटी, पण बोलीत उडाणटप्पू."

"बुन्युएल म्हणजे तो पडद्यावर डोळा कापणारा?"

"तोच. स्पेनमधून बाहेर पडलेला, मेक्सिकोत पोट भरू पाहणारा. तिथला पहिला चित्रपट पडला होता, म्हणून हा हलकाफुलका विनोदपट घेतला. मूळ नाटकही आदोल्फो तोर्रादो या स्पॅनिश नाटककाराचं. पण त्यात एक गोष्ट आहे, जी नव्यात गळून गेली. त्यात पहिल्यांदा फसवला जातो तो बापच."

मामा सरसावून बसले.

"रामिरो. बायको गेल्यावर दारूत बुडालेला. भाऊ, भावजय, मुलगा, मुलगी सगळे त्याच्या पैशावर. दुसरा भाऊ डॉक्टर. तो रामिरोला बेशुद्धीतच गरीब वस्तीत हलवतो आणि शुद्धीवर आल्यावर सांगतो की सगळं बुडालं. रामिरो गच्चीवरून उडी टाकायला निघतो. तिथं तारा जोडत असलेला पाब्लो त्याला वाचवतो. मग त्याला कळतं की हे नाटक होतं. आणि तो काय करतो? तेच नाटक उलटं करून घरच्यांवर चालवतो. ज्या थापेनं आपला जीव जाता जाता वाचला, तीच थाप पोटच्या पोरांना."

"पण त्याची दारू सुटली की!"

"आणि पाब्लो त्या दिवशी गच्चीवर नसता तर?"

"चित्रपटात असतोच कुणीतरी." मामांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "आता माझं ऐक. आधी जे चाललं होतं ते काय खरं होतं? पैसा नळाच्या पाण्यासारखा आपोआप येतो, ही त्या पोरांच्या डोक्यातली पहिली थाप. बापानं त्या थापेला दुसरी थाप लावून काढली. काट्यानं काटा."

याला माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही.

"पोरांचं सोडा," मी म्हणाले. "त्यांना शेवटी बंगला परत मिळतो. मला पाब्लोचं वाईट वाटतं. कर्णा लावलेल्या गाडीतून जाहिराती करत फिरणारा माणूस. रामिरोच्या मुलीला, विर्खिनियाला, आपल्यातलीच समजून जीव लावतो. एकदा तर माईक चालू राहतो आणि त्यांचं गूज सगळ्या वस्तीला ऐकू जातं."

"मग ते तर खरं होतं ना? ती कुठं खोटं बोलली?"

"तेच तर! ती एक अक्षर खोटं बोलली नव्हती. गरीब झालोय असंच तिला वाटत होतं. बापाच्या थापेनं तिला न कळत पाब्लोच्या नजरेत खोटं पाडलं. खरं कळल्यावर तो दुखावून दूर जातो. थाप मारताना आपण कुणाकुणाला साक्षीदार करतो, याचा हिशेब बाप ठेवत नाही."

"जुळतं ना शेवटी?"

"जुळतं. चर्चमध्ये तिचं लग्न पैशावर डोळा असलेल्याशी लागत असतं, पाद्री प्रवचन देत असतो आणि बाहेर पाब्लोचा कर्णा त्यावर जाहिराती ओरडत असतो. काय मजेदार प्रसंग आहे! त्या प्रसंगासाठी मी रामिरोला जवळजवळ माफ करते."

"जवळजवळ?"

"कारण पुढच्याच वर्षी त्याच बुन्युएलनं, 'कालावेरा'च्याच पटकथाकार लुईस आल्कोरिसाबरोबर लिहून, 'लोस ओल्विदादोस' केला. विसरलेली मुलं. या चित्रपटाबद्दल 1951 मध्ये कान महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. त्यातही एका मुलाला सुधारायचं असतं. पण सुधारगृहाचा प्रमुख थाप मारत नाही. पेद्रोच्या हातात पन्नास पेसोंची नोट देतो, फाटक उघडतो आणि सांगतो, सिगारेटी घेऊन ये. नुसता विश्वास."

"आला परत?"

"बाहेर टोळीचा दादा हायबो उभा होता. त्यानं नोट हिसकावली. शेवटी पेद्रोचं प्रेत उकिरड्यावर."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. आतून मामींनी कुकर उतरवल्याचा आवाज आला.

"म्हणजे थापेनं घर सुधारलं आणि विश्वासानं पोरगं मेलं. तुझ्याच बाजूविरुद्ध बोललीस की गं."

"हो. पण पेद्रोच्या वस्तीतून परत जायला बंगला नव्हता. रामिरोच्या मुलांची गरिबी म्हणजे सुट्टीतलं शिबिर. एकाच दिग्दर्शकानं लागोपाठ दोन्ही दाखवलं, म्हणून पहिल्याचं हसू मला आता घशात अडकतं."

"मग मी काय करू? पोरांना काय सांगू?"

"नाटक कशाला, मामा? फौंड्रीचा ताळेबंद दाखवा. खरा."

मामांनी खिडकीतून खाली पाहिलं. धाकट्याची नवी गाडी उभी होती, काचेवरचा झेंडूचा हार अजून सुकायचा होता.

"खरा दाखवला," ते हळू आवाजात म्हणाले, "तर त्यांना वाटेल मी नाटकच करतोय."