वसलेले गाव आणि वसविलेले गाव

गाव वसणे आणि गाव वसविणे यांत मोठे अंतर आहे. आमच्या हिंगोलीकडील गावे पहिल्या प्रकारची. औंढ्यास नागनाथ, नर्सीस नामदेव. खुद्द हिंगोली छावणीच्या व बाजाराच्या आधाराने वाढली. अमक्या शेठजीने आपणांस घर दिले, असे तेथील रहिवाशास म्हणावे लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात (आमचे औंढा नव्हे) कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर वसविलेली किर्लोस्करवाडी मात्र दुसऱ्या प्रकारची. बेळगावची जागा सोडावी लागलेल्या या उद्योगी गृहस्थास बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आश्रय दिला, आणि त्या माळावर लोखंडी नांगरांच्या कारखान्याभोवती एक गावच उभे राहिले.

अशा गावासंबंधी आमच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. ज्याच्या हाती पगार, त्याच्याच हाती घर आणि रीतभातही असावी काय?

अमेरिकेत शिकागोजवळ पुलमन या रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखानदाराने १८८० पासून असेच टुमदार नगर उभारले. पुढे मंदी आली तेव्हा त्याने मजुरी कापली, घरभाडे मात्र कापले नाही. १८९४ साली प्रचंड संप झाला, आणि १८९८ साली तेथील न्यायालयाने कंपनीस नगरावरील मालकी सोडावयास लावली. शहर देखणे होते यात शंका नाही.

मिल शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. तेव्हा धन्याच्या हुकुमाने आलेला सदाचार आम्हांस सहसा रुचत नाही. परंतु लक्ष्मणरावांनी आपल्या वसाहतीत अस्पृश्यतेस मज्जाव केला, तो कोणाच्या स्वातंत्र्यावर घाला होता? शिवाशीव पाळणाऱ्याचे स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याची कोंडीच की! शेकडो वर्षे ज्यास वेशीबाहेर ठेवले, त्याला पुस्तकातल्या मिलपेक्षा हा हुकूमच अधिक मोकळीक देणारा वाटला असेल. शिवाय शिक्षा भोगून आलेल्या गुन्हेगारांस त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. येथे नोकराने धन्यावर विश्वास टाकला नाही, धन्याने नोकरावर टाकला, आणि आपली मालमत्ता पणास लावून टाकला. पुलमनच्या औदार्यात ही जोखीम आम्हांस कोठेच दिसत नाही. आमच्या मते दोन्ही औदार्यांतला खरा फरक येथे आहे. १९२० पासून याच वाडीतून मासिकही निघू लागले, आणि १९३० साली त्याच्या जोडीस ‘स्त्री’ आले. महाराष्ट्रातील कित्येक घरांस ही वाडी नांगरापेक्षा या मासिकांमुळेच अधिक ठाऊक झाली.

तरीही आमचे समाधान पुरते होत नाही. लक्ष्मणराव १९५६ साली वारले. कोणाचाही चांगुलपणा वारसाहक्काने उतरत नाही. करारात लिहिलेली कलमे मात्र उतरतात. ज्या घरात तीस वर्षे संसार केला, मुलींची लग्ने केली, अंगणात कढीपत्ता लावला, त्या घराची किल्ली निवृत्तीच्या दिवशी परत करणारा टर्नर कोणत्याही उद्योगनगरात आढळेल. धनी कितीही भला असो, त्या किल्लीवर टर्नरचा काही हक्क आहे काय, हे त्यास घरात प्रवेश करतेवेळीच लेखी सांगितलेले असावे.