ग्वानाकास्तेचे सुरवंट आणि सामान्याचा प्रश्न

कीटकाची नवी प्रजाती सापडली असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा प्रत्यक्षात हाती आलेले असतात ते टाचणीवर रोवलेले काही निष्प्राण देह. प्रजाती स्वतः कोणाच्याही जाळ्यात येत नाही. हे देह ज्या समूहाचे घटक असावेत असे अनुमान केले जाते त्या समूहाला वर्गीकरणकार दोन पदांचे नाव देतो, आणि मग प्रश्न उभा राहतो की हा समूह नावापूर्वीच जगात होता, की नाव देणाऱ्याने तो आखला. हा प्रश्न केवळ जीवशास्त्राचा नव्हे. अनेक गायींना एकाच शब्दाने संबोधताना त्या सर्वांत खरोखरच काही एक असते काय, यावर न्याय-वैशेषिक आणि बौद्ध आचार्यांनी काही शतके वाद घातला. त्या वादातील गाय मात्र सर्वांना परिचित होती आणि तिची ओळख पटवताना दोन्ही पक्षांपैकी कोणाचीही फसगत होत नव्हती. ज्या जगात ओळखच संदिग्ध आहे तेथे हे सिद्धांत कसे टिकतात, हे पाहायचे असेल तर अमेरिका खंडातील उष्ण अरण्यांकडे वळावे लागते.

मेक्सिकोच्या सखल उष्ण भागापासून मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि संपूर्ण दक्षिण अमेरिका एवढ्या विस्ताराला प्राणिभूगोलात निओट्रॉपिकल प्रदेश म्हणतात. या प्रदेशातील कीटकवैविध्याचा अंदाज घेण्यासाठी टेरी अर्विन यांनी पनामात लुएहिया सीमान्नी या एकाच प्रकारच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचे धुके सोडले आणि खाली पडलेल्या भुंगेऱ्यांची वर्गवारी केली, तेव्हा त्यांना सुमारे १,२०० प्रजाती आढळल्या; १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अवघ्या दोन पानांच्या लेखात त्यांनी या आकड्यावरून उष्ण कटिबंधात संधिपाद प्राण्यांच्या, म्हणजे सांधे असलेल्या पायांच्या प्राण्यांच्या, तीन कोटी प्रजाती असाव्यात असा हिशेब मांडला. पुढील अभ्यासकांनी हा आकडा बराच खाली आणला, पण आजवर नावे मिळालेल्या कीटकप्रजाती सुमारे दहा लाखच आहेत हे लक्षात घेता खाली आणलेला आकडाही थक्क करणारा ठरतो. या हिशेबातील तात्त्विक मेख मात्र गुणाकारात नाही, ती एककात आहे: झाडाखालच्या भुंगेऱ्यांचे ढीग बाह्य रूपावरून लावलेले होते, आणि दिसण्यात सारखे असलेले दोन देह एकाच प्रजातीचे असतात हे गृहीतच तपासण्यासारखे होते.

न्याय-वैशेषिकांच्या मते अनेक व्यक्तींमध्ये समवायाने, म्हणजे अविभाज्य संबंधाने, राहणारा, नित्य आणि एक असा जो धर्म, ते सामान्य. गायींमधील गोत्व हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ज्ञाता असो वा नसो, गोत्व असतेच. परंतु समान दिसणारा प्रत्येक धर्म सामान्य ठरत नाही हेही या परंपरेने ओळखले होते. स्वयंपाक करणाऱ्या सर्वांना आपण एका गटात घालतो, पण पाचकत्व हे खरे सामान्य नसून उपाधी आहे, म्हणजे बाहेरून जोडलेली, आपल्या सोयीची ओळख आहे. दहाव्या-अकराव्या शतकात उदयनाचार्यांनी किरणावलीत जातिबाधकांची, म्हणजे एखादा धर्म खरे सामान्य ठरण्याच्या आड येणाऱ्या सहा कारणांची यादी दिली. आजचा वर्गीकरणकार ज्याला कृत्रिम गट म्हणतो त्याची छाननी करण्याचे हे एक जुने शास्त्र होते, आणि त्याची शिस्त पाहता ते केवळ शब्दच्छल म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल.

बौद्ध आचार्य दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांना हे नित्य सामान्य मान्य नव्हते. त्यांच्या अपोह सिद्धांतानुसार शब्द कोणत्याही समान तत्त्वाकडे बोट दाखवत नाही, तो फक्त इतरांना वगळतो. गाय म्हणजे जे अ-गाय नाही ते. मग अ-गाय तरी कशी ओळखली, या आक्षेपाला धर्मकीर्तीने दिलेले उत्तर विशेष मोलाचे आहे: वेगवेगळ्या वनौषधी ताप उतरवतात, त्यांच्यात ज्वरघ्न असे काही एक तत्त्व वसत नसते, तरीही समान कार्यामुळे त्यांचा एक गट होतो.

कोस्टारिकाच्या वायव्य भागातील ग्वानाकास्ते संरक्षित क्षेत्रात या दोन्ही मतांची कसोटी लागली. अॅस्ट्राप्टेस फुल्जेरेटर हे स्किपर कुळातील, निळसर झाक असलेले फुलपाखरू १७७५ सालापासून शास्त्राला ठाऊक होते आणि विस्तृत प्रदेशात सर्वत्र आढळणारी एक सामान्य प्रजाती अशी त्याची नोंद होती. डॅनियल जान्झन आणि विनी हॉलवाक्स यांनी स्थानिक रहिवाशांमधून प्रशिक्षित केलेल्या सहायकांसह तेथील सुरवंट अरण्यातून आणून, ते ज्या झाडावर सापडले त्याच झाडाची पाने त्यांना खाऊ घालून, फुलपाखरू बाहेर येईपर्यंत वाढवण्याचे काम २५ वर्षे चालवले होते. त्या नोंदींना पॉल हेबर्ट यांच्या डीएनए बारकोड पद्धतीची जोड मिळाली; या पद्धतीत पेशीतील तंतुकणिकेच्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून नमुन्यांची परस्परांशी तुलना केली जाते. २००४ साली जाहीर झालेला निष्कर्ष असा की हे एक फुलपाखरू नसून त्या एका भागात किमान दहा प्रजाती आहेत. प्रौढ फुलपाखरांत नाममात्र फरक होता आणि एरवी कीटकांच्या प्रजाती वेगळ्या करण्यात निर्णायक मानली जाणारी जननेंद्रियांची रचनाही सारखीच होती. सुरवंटांचे रंग आणि त्यांची अन्नझाडे मात्र बहुतांशी वेगळी होती.

लिनियसने १७५८ साली प्राण्यांना द्विनामे देताना कीटकांचे मोठे गट पंखांवरून पाडले, आणि तेव्हापासून संग्रहालयांच्या पेट्यांत कीटक म्हणजे मुख्यतः प्रौढ कीटक असाच समज रूढ झाला. त्याआधी अर्धे शतक मारिया सिबिला मेरियन हिने १६९९ ते १७०१ या काळात सुरिनाममध्ये राहून आणि तेथील गुलाम व आदिवासी स्त्रियांच्या माहितीचा आधार घेऊन कीटकांची जी चित्रे काढली, त्यांत अंडे, सुरवंट, कोश, फुलपाखरू आणि अन्नवनस्पती एकाच पानावर आहेत. लिनियसने तिच्या चित्रांचे दाखले दिले, पण तिची दृष्टी काही घेतली नाही. ग्वानाकास्तेत जे घडले ते एका अर्थाने मेरियनच्या पद्धतीकडे परतणे होते, आणि त्यातून निघणारा तात्त्विक निष्कर्ष असा की प्रजातीची ओळख तिच्या एखाद्या अवस्थेच्या आकृतीत शोधणे ही मुळातच चूक आहे. फुलपाखराच्या आकृतीवरून काढलेले सामान्य दोन शतकांहून अधिक काळ निर्विवाद मानले गेले आणि नंतर ती उपाधी ठरली.

हा विजय बौद्ध पक्षाचा म्हणावा तर तेही घाईचे होईल. भेद केवळ निरीक्षकाच्या वगळण्यातून निर्माण झाला असता तर तो निरीक्षकांनाच दिसला असता. ग्वानाकास्तेतील सुरवंटांच्या शरीरात अंडी घालणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांचा असाच अभ्यास झाला, तेव्हा बाह्य रूपावरून मानलेल्या १७१ प्रजातींच्या जागी ३१३ दिसू लागल्या, आणि त्यांतील बहुतेक एक-दोनच प्रकारच्या सुरवंटांवर वाढतात असे आढळले. कोणत्या सुरवंटाला निवडायचे हे ठरवताना गांधीलमाशी कोणत्याही शास्त्राचा आधार घेत नाही; तिच्यापुरता भेद खरा आहे, तो चुकला तर तिची पिल्ले जगणार नाहीत. धर्मकीर्तीचा समान कार्याचा निकष येथे त्याच्याच पक्षाला थोडे वास्तववादाकडे ढकलतो.

तरीही भेद किती, यावर एकमत झाले नाही. अँड्र्यू ब्राउवर यांनी अॅस्ट्राप्टेस फुलपाखरांची तीच माहिती पुन्हा तपासून २००६ साली असे मत मांडले की तिच्या आधारे किमान तीन आणि जास्तीत जास्त सात गट मान्य करता येतील, दहा नव्हेत. गंमत अशी की पुढे २०१० साली त्या दहाही गटांना रीतसर नावे देणारे ब्राउवरच होते. तोवर ते गट बहुतेक आपापल्या अन्नवनस्पतींवरून बेतलेल्या तात्पुरत्या संक्षेपांनी ओळखले जात होते, आणि निनावी प्रजातींचा वापर शास्त्रात रूढ होणे त्यांना अधिक घातक वाटत होते. २०२१ साली मायकेल शार्की आणि सहकाऱ्यांनी कोस्टारिकातील ब्रॅकोनिड कुळातील ४०३ नव्या गांधीलमाश्यांचे वर्णन एकाच प्रबंधात प्रसिद्ध केले, आणि त्या वर्णनांचा गाभा म्हणजे प्रामुख्याने बारकोडची अक्षरे व एक छायाचित्र एवढाच होता. टीकाकारांनी दाखवून दिले की त्याच माहितीवर वेगवेगळ्या गणनपद्धती लावल्या की गटांच्या सीमा बदलतात. अरण्ये ज्या वेगाने तुटत आहेत त्या वेगाशी जुन्या सावकाश पद्धतीची स्पर्धा होऊ शकत नाही, हे समर्थकांचे म्हणणे व्यवहार म्हणून समजण्यासारखे आहे. पण घाई हा पुरावा नव्हे, आणि एका जनुकाच्या तुकड्यावर उभे केलेले सामान्य हे पाचकत्वाहून फारसे वरच्या दर्जाचे नाही.

अशा ठिकाणी अनेकांतवाद पुढे करून दहाही खरे, सातही खरे असे म्हणण्याचा मोह होतो. जैन आचार्यांचा तो सिद्धांत इतका स्वस्त नव्हता, आणि येथे तो प्रश्न सोडवण्याऐवजी मिटवून टाकतो.

अधिक फलदायी वाट मायकेल गिझेलिन यांनी १९७४ साली आणि डेव्हिड हल यांनी १९७८ साली दाखवली. त्यांचे म्हणणे असे की प्रजाती हा वर्गच नव्हे, ती एक व्यक्ती आहे. सदस्य काही समान धर्मामुळे तिच्यात मोडत नाहीत, तर वंशपरंपरेने जोडलेले तिचे भाग असतात. हे म्हणणे स्वीकारले तर सामान्य आणि अपोह हे दोन्ही सिद्धांत चुकीच्या प्रश्नाची उत्तरे ठरतात, आणि बौद्धांचाच दुसरा एक विचार, संतानाचा, अधिक जवळचा वाटू लागतो. संतान म्हणजे कार्यकारणाने एकमेकांशी बांधलेल्या क्षणांची अखंड धारा. तिच्यात आरंभापासून अंतापर्यंत टिकून राहणारे काहीही नसते, तरी तिला तीच धारा म्हणणे निराधार नसते. बौद्ध आचार्यांनी हा विचार चित्ताच्या संदर्भात मांडला, प्राण्यांच्या प्रकारांच्या संदर्भात नव्हे, पण पिढीमागून पिढी चालत येणारी सुरवंट-फुलपाखरांची परंपरा त्या व्याख्येत सहज बसते. वर्गीकरणकार शोधतो ती ही धारा. ती त्याच्या आधी होती, म्हणून शोध हा शब्द योग्य आहे. ती कोठे दुभंगली, हे मात्र त्याला ठरवावे लागते.

आणि नेमका हाच भाग बौद्धांनाही अवघड गेला. स्वतःच्या चित्तधारेवाचून इतर धारा आहेत हे सिद्ध करण्यासाठी धर्मकीर्तीने संतानांतरसिद्धी लिहिली, तर अकराव्या शतकात रत्नकीर्तीने संतानांतरदूषण लिहून असा युक्तिवाद केला की दोन धारांमधील सीमारेषा कोणत्याही ज्ञानाला गोचर होत नाही. निओट्रॉपिकल फुलपाखरांत या आक्षेपाला देह मिळालेला दिसतो. कोलंबियातील हेलिकोनियस ह्यूरिप्पा या फुलपाखराच्या पंखांवरील नक्षी हेलिकोनियस सिड्नो आणि हेलिकोनियस मेल्पोमीनी या दोन प्रजातींच्या संकरातून प्रयोगशाळेत पुन्हा निर्माण करता आली, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. दोन धारा मिसळून तिसरी वाहू लागली, आणि ही तिसरी आपल्याच नक्षीचा जोडीदार पसंत करते म्हणून वेगळी राहते. रत्नकीर्तीचा आक्षेप चित्तांबाबत खरा असो वा नसो, प्रजातींबाबत तो अर्धाच लागू पडतो: सीमारेषा नाही असे नव्हे, ती रुंद आहे आणि तिच्यात काही काळ उभे राहणे शक्य आहे.

नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम या अनिश्चिततेवर जो तोडगा काढतात तो न्यायसूत्रांतील एका जुन्या चर्चेची आठवण करून देणारा आहे, कारण तेथे शब्दाच्या अर्थात व्यक्ती, आकृती आणि जाती या तिन्हींना स्थान दिले आहे. नियमांप्रमाणे प्रजातीचे नाव तिच्या वर्णनाला बांधलेले नसते, ते प्ररूप म्हणून निवडलेल्या एका नमुन्याला बांधलेले असते. वर्णन चुकीचे ठरले, सीमा बदलल्या, तरी ज्या धारेत तो नमुना मोडेल त्या धारेकडे नाव जाते. प्ररूप हा प्रजातीचा आदर्श नव्हे, तो विद्रूप किंवा अपवादात्मकही असू शकतो. म्हणजे नाव आकृतीला नाही, जातीलाही नाही, ते एका व्यक्तीला चिकटते, आणि त्या व्यक्तीमार्फत अशा धारेला, जिचा विस्तार नाव देणाऱ्याला पूर्ण माहीत नसतो. न्यायातील नित्य सामान्याला सर्व व्यक्ती नष्ट झाल्या तरी धक्का लागत नाही; धारेचे तसे नाही. हल यांनी दाखवल्याप्रमाणे एखादी प्रजाती नामशेष झाल्यावर हुबेहूब तसाच कीटक पुन्हा उत्क्रांत झाला, तरी ती प्रजाती परत आली असे म्हणता येणार नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालय जळाले, आणि त्यात कीटकसंग्रहाचा फार मोठा भाग प्ररूप नमुन्यांसह गेला. अशा वेळी नियम पर्यायी प्ररूप नेमण्याची मुभा देतात, म्हणून एक देह भस्म झाल्याने नाव निराधार होत नाही. पण हा नवा नमुना शक्य तितका मूळ नमुन्याच्याच ठिकाणचा असावा अशी अट आहे, आणि जेथून मूळ कीटक आणला होता त्या जागी आज अरण्याऐवजी गुरांचे कुरण असेल, तर नाव चिकटवण्यासाठी नवा देह मिळत नाही. कागदावर वर्णन राहते आणि ते कोणत्या धारेचे होते हे तपासण्याचे साधनच उरत नाही.