विसरण्याची शिक्षा

सई : आत्या, 'कोको'मध्ये हेक्टर निर्दोष निघतो ना, तिथे मला फसवल्यासारखं वाटलं.

आत्या : का गं? साथीदार अर्नेस्तोने त्याला विष घातलं, त्याची गाणी चोरली. बिचारा घरीच यायला निघाला होता.

सई : तेच तर! पिक्सारने २०१७ च्या या सिनेमात अवघड प्रश्न काढला आणि खलनायक आणून स्वतःची सुटका करून घेतली. समज, विषबिष काही नव्हतं. बायको-मुलीला टाकून हेक्टर मजेत गात फिरला असता, तर?

आत्या : तर बायकोने, इमेल्डाने, फोटोतून त्याचा चेहरा फाडला, ते योग्यच म्हणायचं. पदरात पोर घेऊन ती चपला-बूट शिवायला शिकली. तिला जेवढं ठाऊक होतं, त्यावर तिचा राग रास्तच होता. पण त्यापायी घरात संगीतच बंद! खापरपणतू मिगेल नुसता बाटलीत फुंकतो, तरी त्याची आजी बाटली हिसकावून घेते. राग इमेल्डाचा आणि दंड भरायचा खापरपणतूने!

सई : आणि वेदीवर फोटो नाही, म्हणून मृतांच्या दिवशी हेक्टरला जिवंतांच्या जगात येणारा पूलही ओलांडता येत नाही.

आत्या : सर्वपित्रीला पान वाढताना आपण चारित्र्याचा दाखला मागतो का?

सई : मग शेवटी अर्नेस्तोच्या पुतळ्याला 'तुला विसरू' अशा अर्थाची पाटी का अडकवतात? इमेल्डाने विसरायला लावलं तो अन्याय, आणि गावाने लावलं तो न्याय?

आत्या : गावाकडे पुरावा होता.

सई : इमेल्डाकडेही होता. नवरा परतला नव्हता!

आत्या : हं. मग ती पाटीही चुकलीच. अर्नेस्तोला विसरलं, तर हेक्टर कसा मेला हे पोरांना सांगणार कसं? त्याचा मान काढून घ्यावा, आठवण नव्हे.

सई : पण मेलेल्यांच्या त्या जगाचा नियम आठव. ज्याची आठवण उरते, तो तिकडे टिकतो. म्हणजे खुनी टिकणार.

आत्या : टिकू दे. काय म्हणून टिकायचं, हे आता त्याच्या हातात नाही.

सई : आणि माझा तो मजेत गात फिरणारा हेक्टर?

आत्या : त्याचाही फोटो मांडायचा. पोरांनी विचारलं, की तो घर टाकून गेला होता हे सांगायचं. त्याची गाणी चांगली होती, हेही सांगायचं.