आठवीनंतरचा उंबरठा



दिव्य कुरआनच्या सूरह अस्साफ्फातमध्ये आलेला ह. इब्राहीम (अ.) आणि त्यांच्या पुत्राचा प्रसंग आपण दरवर्षी ईदुल अज़हाच्या दिवसांत ऐकतो. त्यातील एका बारकाव्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. मुलगा पित्याबरोबर धावपळ करण्याच्या वयाला पोहोचला, हे कुरआन आधी सांगतो. आणि मग पिता त्याला आपले स्वप्न सांगून त्याचे मत विचारतो. स्वप्नातून मिळालेली आज्ञा अल्लाहची होती. तरीही त्या महान प्रेषिताने कोवळ्या वयाच्या मुलाला प्रथम विश्वासात घेतले.

आपल्या घरांत काय घडते? मुलगा पुढे कोणत्या हायस्कुलात जाणार, माध्यम कोणते असणार, मुलीचे शिक्षण चालू राहणार की थांबणार, याचा निर्णय इशाच्या नमाज़नंतर मोठी माणसे घेतात, आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे ते मूल दाराआडून ऐकत असते. शरीअतने ज्या वयात त्याच्यावर नमाज़-रोज़ाची जबाबदारी टाकली, त्याच वयात आपण त्याला एखाद्या सामानासारखे इकडून उचलून तिकडे ठेवतो.

अनेक गावांत जिल्हा परिषदेची उर्दू शाळा सातवी किंवा आठवीला संपते. पुढचे हायस्कूल तालुक्याच्या ठिकाणी, बहुधा मराठी माध्यमाचे. आमच्या मुलांना बाजारातील, एसटीतील, शेजारची मराठी उत्तम येते. परंतु ‘समीकरण’, ‘गुरुत्वाकर्षण’, ‘प्रकाशसंश्लेषण’ ही मराठी त्यांच्या कानावरून कधी गेलेली नसते. काल वर्गात सर्वांत आधी हात वर करणारा मुलगा आज मागच्या बाकावर मुकाट बसतो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत घरचे म्हणू लागतात, ‘याचे अभ्यासात लक्ष नाही, गॅरेजवर लावू या.’ खरे तर त्याची बुद्धी गेलेली नसते, केवळ भाषा बदललेली असते.

ह. ज़ैद बिन साबित (र.) यांची आठवण येथे होते. आदरणीय प्रेषित (स.) मदीनेला आले तेव्हा ते अवघे 11 वर्षांचे होते. पुढे प्रेषितांनी (स.) त्यांना यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले आणि तिरमिज़ीतील हदीसनुसार त्यांनी ती अर्ध्या महिन्यात आत्मसात केली. परकी लिपी शिकल्याने त्यांचा दीन कमी झाला नाही. कुरआन एकत्र संकलित करण्याचे महान कार्य पुढे त्यांच्याच हातून झाले. तेव्हा मराठी ही आपली भाषा नव्हे, असे मुलासमोर बोलण्यापूर्वी थोडे थांबावे.

उपायही हाताशी आहे. बालभारतीची पुस्तके उर्दू आणि मराठी दोन्ही माध्यमांत निघतात. धडे तेच, आकृत्या त्याच. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवीच्या विज्ञानाची दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून रोज दोन पाने वाचली, तर जून उजाडेपर्यंत निम्मी भीती ओसरते. गणिताचे दुखणे जरा वेगळे आहे. शिक्षण हक्क कायद्यामुळे दीर्घकाळ आठवीपर्यंत कोणाला नापास करता येत नव्हते; 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीत परीक्षेची मुभा दिली, तरी अपूर्णांक कच्चे असलेली मुले नववीत पोहोचतातच. तेथे बीजगणित आणि भूमिती यांची दोन स्वतंत्र पुस्तके वाट पाहत असतात. महागडा क्लास लावण्याआधी अपूर्णांक आणि ऋण संख्या घरी तपासून पाहाव्यात.

मनाची तयारी मात्र पुस्तकातून होत नाही. ह. अनस (र.) यांनी लहानपणापासून दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली. ते सांगतात की, या काळात प्रेषितांनी (स.) त्यांना कधी ‘उफ्’सुद्धा म्हटले नाही; हे का केलेस, ते का केले नाहीस, असा जाब कधी विचारला नाही. दहा वर्षे! आपल्याला पहिल्या घटक चाचणीचा निकाल येईपर्यंतही हे जमत नाही. नव्या शाळेत नावावरून, उच्चारावरून कोणी चिडवले, तर मूल ते घरी सांगेल की गिळून टाकील, हे आधीच्या दहा वेळा आपण त्याचे कसे ऐकले यावर ठरते. ह. यूसुफ (अ.) यांनी आपले स्वप्न प्रथम वडिलांनाच सांगितले, ते काही उगीच नाही.

शरीरात होणारे बदलही याच वयात येतात. हैज़ आणि गुस्लचे नियम मुलीला आईने आणि मुलाला बापाने आधीच समजावून द्यावेत. दीनचे ज्ञान घेताना लज्जा आड येऊ दिली नाही, म्हणून ह. आयशा (र.) यांनी अन्सारी स्त्रियांची प्रशंसा केली आहे.

आणि मुली? अंतर आणि सुरक्षितता ही चिंता खोटी नाही, तिची चेष्टा करू नये. पण ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, आणि एकाच मोहल्ल्यातील चार मुली एकत्र निघाल्या तर चार घरांची काळजी हलकी होते. खर्चाचेही तसेच. अनुदानित किंवा सरकारी शाळेत आठवीत शिकणाऱ्या आणि साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा असते. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत भरला जातो. मुदत टळण्यापूर्वी मुख्याध्यापकांना जाऊन भेटा, आणि जाताना मुलाला किंवा मुलीला सोबत न्या.