हृदयाचा विसावा

वारीच्या वेळापत्रकात चार शब्द शेजारी शेजारी छापलेले असतात : न्याहारी, भोजन, विसावा आणि मुक्काम. पहिल्या दोहोंचा अर्थ पोटाला कळतो, मुक्कामाचा अर्थ पायांना कळतो. पण विसावा म्हणजे नेमके काय, हे माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढलेल्यालाही चटकन सांगता येत नाही, कारण विसाव्याला पथारी सोडायची नसते, दिंडी मोडलेली नसते, टाळ गळ्यातच असतात, आणि तरीही त्या घटकाभरात असे काही घडते की ज्यावाचून पुढचे पाऊल उचलणार नाही. साधकहो, हा एक शब्द मी बरीच वर्षे मनात घोळवत आलो आहे. कोकेनसारख्या विषाने हृदयाचे काय होते, याविषयी वैद्यकाने जे शोधून ठेवले आहे ते वाचताना त्याच्या अर्थाचे काही पदर उलगडत गेले. ते आपल्यापुढे ठेवावेत, एवढाच या लेखनाचा हेतू.

हृदयाला विसावा नसतो, असे आपण सहज म्हणून जातो. आईच्या उदरात एकदा सुरू झाले की अखेरच्या श्वासापर्यंत ते अखंड राबते, अशी आपली समजूत आणि तिच्यात थोडे कौतुकही. पण मिनिटाला ७२ ठोके धरले तर एका ठोक्याच्या वाट्याला सुमारे ०.८ सेकंद येतो. त्यातला जेमतेम ०.३ सेकंद हृदय आकुंचन पावते आणि उरलेला ०.५ सेकंद सैल पडून असते. दिवसाकाठी लाखभर ठोके देणारा हा स्नायू हिशेब केला तर चोवीसांपैकी पंधरा तास विसावलेला असतो, फक्त तो विसावा एकगठ्ठा न घेता प्रत्येक पावलागणिक घेतो.

आता पुढचा पदर. हृदय साऱ्या देहाला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या मांसाला रक्त कधी मिळते? डावा कप्पा आवळला जातो तेव्हा त्याच्या भिंतीत शिरलेल्या बारीक रक्तवाहिन्याही त्याच आवळण्यात चिरडल्या जातात, म्हणून या स्नायूचे बहुतेक पोषण होते ते तो सैल पडल्यावर, विसाव्याच्या त्या अर्ध्या सेकंदात. देहातले इतर स्नायू रक्तातला प्राणवायू थोडाच उचलतात, त्यामुळे गरज वाढली की त्याच रक्तातून आणखी घेण्याची सोय त्यांना असते. हृदय मात्र निवांत असतानाच आपल्याकडे आलेल्या रक्तातला सत्तर टक्क्यांहून अधिक प्राणवायू काढून घेते, म्हणजे त्याच्यापाशी शिल्लक अशी जवळजवळ काही नसते, आणि गरज वाढली की जास्त रक्त येणे एवढा एकच मार्ग उरतो. ठोके मिनिटाला १५० झाले की प्रत्येक ठोक्याचा काळ ०.४ सेकंदावर येतो आणि ही काटछाट मुख्यतः विसाव्यातच होते. निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्या अशा वेळी रुंदावतात आणि तूट भरून काढतात. विसावा आखूड झाला तरी ताट भरलेले असते.

मग कोकेन काय करते? भीती वाटली, जिना चढला, की अनुकंपी चेतातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन नावाचे द्रव्य सुटते, हृदयाच्या पेशींना ‘चला’ असा निरोप देते, आणि निरोप पोचला की त्यातले बहुतांश पुन्हा त्याच तंतूच्या टोकात ओढून घेतले जाते. जाणे आणि परत येणे, अशी ती रचना आहे, आणि परत येणे हाच त्या द्रव्याचा विसावा. कोकेन हा परतीचा दरवाजा अडवते. निरोप देऊन झालेले द्रव्य बाहेरच तिष्ठत राहते आणि ‘चला, चला’ असा एकच घोष करत राहते. मेंदूत डोपामिनच्या बाबतीत हेच घडते म्हणून माणसाला उल्हास वाटतो, थकवा जाणवेनासा होतो, आपल्यात बळ संचारले असे वाटते. माझ्या मते या पदार्थाविषयीचा सगळा भ्रम इथेच आहे. बाहेरून कोणतेही बळ आलेले नसते. विसाव्याची आज्ञा तेवढी ऐकू येईनाशी झालेली असते.

या वनस्पतीचा मूळ संसार मात्र असा नव्हता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात कोकाची पाने चुन्याबरोबर किंवा राखेबरोबर गालात धरून चघळण्याची रीत हजारो वर्षांची आहे. पानात कोकेनचा अंश साधारण एक टक्क्याहूनही कमी, तो सावकाश झिरपतो. एका चघळणीचा रस संपेपर्यंत जेवढी वाट चालून होते तिला तिथले लोक ‘कोकादा’ म्हणत, आणि पुन्हा थांबून नवी पाने तोंडात घालत. म्हणजे चालणे आणि थांबणे यांचे नाते त्या पानानेही तोडले नव्हते. १८५९-६० मध्ये जर्मनीत गॉटिंगेन येथे आल्बर्ट नीमन यांनी त्यातले सत्त्व वेगळे काढले, १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी त्याने डोळा बधिर करून शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा केला, आणि नंतर हे पांढरे चूर्ण जगभर पसरले. आपल्याकडेही ते अनोळखी नाही : गेल्या शतकाच्या आरंभी मुंबईत आणि कोलकात्यात परदेशी कारखान्यांचे कोकेन बंदरांतून चोरून येई आणि विड्यात घालून विकले जाई. चुना तिथेही, चुना इथेही. पण इथल्या विड्यात पान आपले आणि सत्त्व परक्या पानातून उपसलेले.

आता एक प्रसंग जवळून पाहू. १९८९ साली अमेरिकेतील डॅलस शहरात डॉक्टर रिचर्ड लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, छातीदुखीच्या तपासणीसाठी दाखल झालेल्या आणि या प्रयोगाला संमती दिलेल्या रुग्णांच्या नाकात कोकेनची अल्प मात्रा सोडली, तेवढीच, जेवढी नाकाच्या शस्त्रक्रियेआधी बधिरता आणण्यासाठी वापरत. रुग्ण टेबलावर स्वस्थ पडलेला, हृदयाच्या नसांत बारीक नळ्या, पडद्यावर हृदयरोहिणीची सावली. काही मिनिटांत रक्तदाब चढला, ठोके वाढले, म्हणजे हृदयाचे श्रम वाढले. आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावरची रोहिणी, जी अशा प्रसंगी रुंदावायला हवी, ती आक्रसली, व्यास दहा टक्क्यांच्या आसपास घटला, आणि हृदयाला मिळणारे रक्तही कमी झाले. आधी पाहिलेली तूट भरून काढण्याची सोय इथे उलटी फिरते : विसावा आखूड झाला आहे, आणि त्या आखूड विसाव्यातले ताटही अर्धे रिकामे आहे. याच गटाच्या पुढच्या अभ्यासांत आणखी दोन गोष्टी दिसल्या. रोहिणी जिथे आधीच चरबीने अरुंद झालेली, तिथे ती अधिक आक्रसते. आणि रक्तातले कोकेन उतरल्यावर, सुमारे दीड तासाने, त्याच्या विघटनातून झालेल्या द्रव्यांमुळे ती पुन्हा एकदा आक्रसते. माणसाला वाटते नशा उतरली, आता निवांत झालो. हृदय अजून निवांत झालेले नसते.

म्हणूनच १९९९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे चार हजार रुग्णांच्या माहितीवरून जे गणित मांडले, ते थरकाप उडवणारे असले तरी अनपेक्षित नव्हते : कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका एरवीच्या २४ पट होतो. यात वयाची ढाल चालत नाही. कोकेन हे सोडियमचे सूक्ष्म मार्गही अडवते, त्यामुळेच ते बधिरता आणते. पण तेच मार्ग हृदयातल्या विद्युत्‌प्रवाहाचेही असल्याने ठोक्यांची लयच बिघडू शकते. १९८६ च्या जूनमध्ये लेन बायस हा २२ वर्षांचा बास्केटबॉलपटू बोस्टनच्या व्यावसायिक संघात निवड झाल्यानंतर दोनच दिवसांनी असाच गेला. जोडीला दारू असेल तर यकृतात दोहोंच्या संयोगातून कोकाएथिलीन हे तिसरेच द्रव्य तयार होते, ते अधिक काळ टिकते. आणि जोडीला सिगारेट असेल तर रोहिणीचे आक्रसणे वाढते.

पण एका तासाचा धोका हा या निरूपणाचा गाभा नव्हे. वर्षानुवर्षे, आठवड्यामागून आठवडा, ज्याने हृदयाचा विसावा चोरला, त्याच्या हृदयाचे काय होते? सिडनीतील संशोधकांनी २०१२ मध्ये स्वतःला केवळ हौशी समजणाऱ्या, दिसायला धडधाकट अशा काही लोकांची एमआरआय तपासणी मांडली. कोकेन न घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची महारोहिणी ३० ते ३५ टक्के अधिक ताठर, वरचा रक्तदाब ८ मिलिमीटरने अधिक, आणि डाव्या कप्प्याची भिंत १८ टक्के जाड होती. रोहिण्यांच्या आतले नाजूक अस्तर खरवडले जाते, चरबीचे थर अकाली साचतात, रक्तातल्या चपट्या पेशी चिकट होऊन गुठळ्या धरतात. इटलीतल्या एका तपासणीत तर कोणतीही तक्रार नसलेल्या व्यसनी माणसांपैकी बहुतेकांच्या हृदयात सूज किंवा व्रण आढळले. जाड भिंतीचे हृदय बळकट असेल असे वाटते. ते सैल पडायला जड जाते, म्हणून पुरते भरत नाही, आणि जे भरत नाही ते देणार काय?

इथे शब्दाचा सर्वांत आतला पदर येतो, आणि मला तो सर्वांत प्रिय आहे. आपण समजतो की आकुंचन म्हणजे श्रम आणि सैल पडणे म्हणजे श्रमांचा अभाव. पण स्नायूच्या पेशीत आकुंचनासाठी शिरलेले कॅल्शियम पुन्हा आपल्या कोठारात उचलून ठेवावे लागते, तेव्हाच तंतू एकमेकांना सोडतात, आणि त्या उचलण्याला ऊर्जा लागते. विसावाही कमवावा लागतो. प्राणवायूची टंचाई झाली की हृदयाची आवळण्याची शक्ती ढळण्याआधी सैल पडण्याची शक्ती ढळते. देहातली ऊर्जा पुरती संपल्यावर काय होते, हे अंत्यविधीच्या वेळी ज्याने मृताचे हात छातीवर जुळवण्याचा प्रयत्न केला आहे त्याला ठाऊक असते : ते हात ताठलेले असतात, कारण सोडण्यापुरतेही बळ पेशींत उरलेले नसते. ज्याला आपण ‘सोडून देणे’ म्हणतो, समर्पण म्हणतो, ते दुर्बलाचे काम आहे असे मानणाऱ्यांनी हे शरीरसत्य एकदा अवश्य चिंतावे.

हृदयाला धावण्याची आज्ञा देणारी चेतासंस्था जशी आहे, तशीच विसाव्याची आज्ञा देणारी व्हेगस ही चेताही आहे. दीर्घकाळच्या कोकेनसेवनाने तिचा अंमल क्षीण होतो. उलट इटलीतील लुचानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये दाखवले, की लॅटिन भाषेतली जपमाळ असो की ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र असो, त्याच्या पठणाने श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयी एकमेकींशी जुळतात. श्रद्धावंताला नामाची महती पटवायला यंत्र लागत नाही, आणि हा प्रयोग व्यसनावरचा उपायही नव्हे. मला त्यात एवढेच दिसते, की पूर्वजांनी जपाची गती ठरवताना देहाचा कल ओळखला होता.

कोकेनमुळे छातीत कळ आलेला माणूस रुग्णालयात पोचतो तेव्हा त्याला आरंभीच दिले जाते ते बहुधा मनाला आणि चेतासंस्थेला शांतवणारे औषध. त्यानेच ठोके आणि रक्तदाब खाली येतात. एरवी हृदयविकारात सर्रास वापरली जाणारी बीटा-ब्लॉकर औषधे मात्र त्या घटकेला टाळली जातात, कारण त्यांनी रोहिणी आणखी आक्रसू शकते. म्हणून डॉक्टरांपासून हे व्यसन लपवणे जिवावर बेतू शकते. लाज बाजूला ठेवून, रुग्णाने नाही तर बरोबर आलेल्याने, ते सांगावेच. सोडल्यानंतर रक्तदाब उतरू शकतो, थकलेल्या कप्प्याची शक्ती काहींमध्ये बरीच परतते. व्रण मात्र राहतो.

आणि सोडल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत माणूस झोपतो, खूप झोपतो, भूक वाढते, चिडचिड होते. घरच्यांना ही झोप आळस वाटते, कुणी उपदेश करते, कुणी अंगावरचे पांघरूण ओढते. तसे करू नये. इतकी वर्षे नाकारलेला विसावा देह वसूल करत असतो. परंतु याच पहिल्या काही आठवड्यांत, कोणतीही कळ न जाणवता, हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा चोवीस तासांच्या ईसीजीवर आढळल्या आहेत, हेही १९८९ पासून ठाऊक आहे. तेव्हा त्याला झोपू द्यावे, जागा झाला की पोटभर जेवू घालावे, व्यसनमुक्तीसाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४४४६ हा क्रमांक घरात लिहून ठेवावा, आणि त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे नेऊन आणावे.